जुनी स्पोर्ट्स कार घेऊन शनिवार-रविवारी बाहेर कसं पडावं: नाशिककरांसाठी

जुनी स्पोर्ट्स कार उभी राहिली की बिघडते. सील सुकतात, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसतो, ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. दर आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर चालणारी गाडी कव्हरखाली झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा ठणठणीत राहते, हे मी पैजेवर सांगेन. म्हणून कुणी मला विचारलं, 'गाडी घेतली, आता काय करू?' तर माझं उत्तर एकच असतं: लांबची सहल ठरवत बसू नका. जवळचा, चांगला, रिकामा रस्ता निवडा, पहाटे निघा आणि अकराच्या आत घरी या.

माझी गाडी १९६६ ची एमजीबी, ब्रिटिश एमजी कंपनीची. फिकट निळी, दोन सीटची, उघड्या टपाची. देवळालीतल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांकडून घेतली. अंबडला माझं जिग-फिक्श्चरचं छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे पान्यांशी ओळख जुनी. शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा बाबा असतात. वय अठ्ठ्याहत्तर, डोक्याला कानटोपी, आणि नजर माझ्यापेक्षा तेज. 'अगं, डावीकडे खड्डा!' हे त्यांचं रस्ताभर चालू असतं. पुढे जे लिहिते आहे ते एमजीबीच्या अनुभवातून. तुमची ट्रायम्फ असो की दुसरी कुठली, तपशील थोडे बदलतील, शिस्त तीच राहील.

आधी कागदपत्रांचं, कारण इथे बरेच जण फसतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला विंटेज म्हणून नोंदवता येतं, 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. दिसते छान. पण अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा ठराविक कामांसाठीच ती बाहेर काढायची. ज्यांना दर रविवारी वणीला जायचंय त्यांनी साधी नोंदणीच चालू ठेवावी: दर पाच वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. सीटचे पट्टे नसतील तर बसवून घ्या. बाबांना पट्ट्याशिवाय मी गल्लीतसुद्धा नेत नाही.

दुसरी गोष्ट पेट्रोल. हल्ली पंपावर सर्रास ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. साठ सालातले रबरी पाइप यासाठी बनलेच नव्हते. ते फुगतात, आतून सुटतात आणि त्यांचे कण फ्लोट चेंबरच्या (कार्ब्युरेटरला जोडलेल्या पेट्रोलच्या छोट्या वाटीच्या) नीडलमध्ये, म्हणजे पेट्रोल थांबवणाऱ्या सुईत, अडकतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे घाला, नीडल व्हायटॉनच्या, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या, टोकाची घ्या. हा खर्च रंगकामाच्या आधी करा, कारण पाइप इंजिनावर गळला तर रंग उरणारच नाही. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. प्लग काढून बघा: पांढरट दिसला तर पातळ, बिस्किटी दिसला तर बरोबर. एसयू बनावटीचा कार्ब्युरेटर असेल तर जेटखालचा (जेट म्हणजे पेट्रोल वर येण्याची नळी) षटकोनी नट एक-दोन बाजू फिरवून जेट किंचित खाली आणायचा. दोन्ही कार्ब्युरेटरना सारखंच. एक जास्त, एक कमी झालं की गाडी घाटात ओढत नाही. शिसं घातलेलं पेट्रोल भारतात २००० साली बंद झालं, आणि जुन्या इंजिनांत वॉल्व्हच्या सीट झिजण्यापासून तेच शिसं वाचवायचं. तुमच्या हेडला एक्झॉस्ट वॉल्व्हच्या कडक सीट बसवलेल्या आहेत का, हे मिस्त्रींना एकदा विचारून ठेवा.

शुक्रवारी संध्याकाळची वीस मिनिटं गाडीला द्यायची. शनिवारी पहाटे नाही, शुक्रवारीच, म्हणजे काही निघालं तर दुकानं उघडी असतात. इंजिन ऑइल बघा (माझ्या गाडीला २०डब्ल्यू-५० लागतं), गार इंजिनावर रेडिएटरचं पाणी, ब्रेक आणि क्लचचं ऑइल. १९६६ च्या एमजीबीला ब्रेकचं एकच सर्किट आहे. एका जोडातून गळती झाली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून ब्रेक ऑइलची पातळी बोटभर जरी उतरली तरी कारण सापडेपर्यंत गाडी घाटात न्यायची नाही, इथे तडजोड नको. एसयू कार्ब्युरेटरच्या वरच्या टोप्या उघडून आतल्या तेलाच्या नळीत, म्हणजे डॅशपॉटमध्ये, तेल घाला. ते आटलं की ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळतं आणि लोक उगाच इग्निशन तपासत बसतात. तारांची चाकं असतील तर प्रत्येक तारेवर पान्याने हलकं वाजवा. घट्ट तार खणखणीत वाजते, सैल तार बद्द.

टायरची हवा घरच्या गेजने मोजा. पुस्तकात पुढे २१ आणि मागे २४ पौंड दिलेत. पंपावरचा मुलगा सवयीने बत्तीस भरतो आणि मग गाडी रस्त्यावर टुणटुणत जाते. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल दिसो, टायर खूप जुना असेल तर बदला. या गाड्या कमी चालतात, त्यामुळे त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

सोबत काय घ्यायचं? फॅन बेल्ट, इग्निशनचे पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर, दोन प्लग, फ्यूज, पाण्याचा कॅन, एक लिटर ऑइल, होज क्लिप, तांब्याचा हातोडा (तारांच्या चाकांचे मधले नट सोडवायला), टॉर्च. १९६७ च्या आधीच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. हे एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून बॅटरीपाशी चिकटवा. रस्त्यात कुणी मदतीला जंपर केबल घेऊन आलं तर त्याला हे आधी दाखवायचं. अशा गाडीत मोबाइलचा चार्जर थेट लावू नका, पॉवर बँक न्या.

आता सकाळ. चावी फिरवली की लगेच स्टार्टर मारायचा नाही. मागच्या बाजूने इलेक्ट्रिक पेट्रोल पंपाची टकटक ऐकू येते. फ्लोट चेंबर भरले की ती थांबते. थांबलीच नाही तर पेट्रोल संपलंय किंवा कुठेतरी गळतंय. आलीच नाही तर पंपाचे पॉइंट चिकटलेत, पान्याच्या मुठीने पंपाला हलकेच ठोकलं की बहुधा सुटतात. चोक ओढा, गाडी सुरू करा, ऑइलच्या काट्याने मान वर केल्याशिवाय हलू नका. इंजिन गरम होऊन पळताना तो काटा ५० पौंडांच्या वर राहायला हवा. चोक किलोमीटरभरात आत ढकलायचा.

सहाच्या आत द्वारका आणि मुंबई नाका ओलांडलेला असावा. या इंजिनाचा पंखा इंजिनावरच फिरतो. सिग्नलवर गाडी रेंगाळली की पंखाही रेंगाळतो आणि पाणी तापतं. डायनामोसुद्धा आयडलिंगला बॅटरी चार्ज करत नाही, म्हणून रात्रीचा प्रवास, सगळे दिवे आणि वायपर एकदम, हे टाळलेलंच बरं. तापमानाचा काटा चढू लागला तर हीटर पूर्ण उघडा. पाय भाजतील, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडेल आणि पाच मिनिटांत काटा खाली येईल.

माझा सगळ्यात आवडता रस्ता गिरणारे-वाघेरा-हरसूल. गंगापूर रोडने निघायचं, गिरणाऱ्यापर्यंत टोमॅटोच्या क्रेट भरलेल्या पिकअप समोरून येत असतात, त्यांना वाट द्यायची. धोंडेगावच्या पुढे रहदारी विरळ होते. मग वाघेऱ्याचा घाट. हा घाट मोठा नाही, पण एमजीबी जणू याच मापाने बेतलीय. रस्ता अरुंद, वळणं एकामागून एक, आणि वेग चाळीसच्या आसपास. नव्या गाडीत चाळीसला काहीच जाणवत नाही. इथे बूड जमिनीपासून वीतभर उंचीवर, स्टिअरिंगमधून खडीचा खडा न् खडा हाताला कळतो, आणि वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दाबला की १७९८ सीसीचं इंजिन छातीतून आवाज काढतं. तो आवाज डोंगरावर आपटून टप उघड्या गाडीत परत येतो. त्या चार-पाच मिनिटांसाठी मी आठवडाभर मशीनच्या आवाजात आनंदाने काम करते.

माझ्या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी यंत्रणा, नाही. म्हणजे गाडी चालती असताना पहिला टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा एक झटका, पुन्हा क्लच आणि मग गिअर. वेळ जुळली की दांडा लोण्यातून गेल्यासारखा जातो. हे शिकायला सपाट, रिकामा रस्ता निवडा, घाट नाही. उतारावर जुना नियम पाळा: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. सर्व्हो (पायाच्या जोराला मदत करणारी यंत्रणा) नसलेला ब्रेक सतत दाबून ठेवला तर मागचे ड्रम तापतात आणि पायाखाली ब्रेक असूनही लागत नाही. इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेक थोडा थोडा मारा.

हरसूलला चहा घेऊन त्र्यंबकमार्गे परत. एकूण शंभर-सव्वाशे किलोमीटर. मार्च-एप्रिलमध्ये त्या बाजूला मोहाच्या फुलांचा वास रस्त्यावर पसरलेला असतो, बंद काचांच्या गाडीत तो कधीच मिळणार नाही. सिंहस्थाची कामं चालू असेपर्यंत त्र्यंबक रस्त्याची अवस्था आदल्या दिवशी विचारून घ्या, नाहीतर आल्या वाटेने परत फिरा.

डिसेंबर-जानेवारीत नांदूर मधमेश्वरला जा. रस्ता सपाट, इंजिनाला ताण नाही, आणि तिकडे थंडीत आलेले पक्षी. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. निफाडचा पारा थंडीत ५-६ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा टप उघडाच ठेवायचा असेल तर मफलर, हातमोजे आणि पायांवर शाल. उसाच्या आणि द्राक्षाच्या ट्रॉल्यांना पुष्कळदा मागे दिवा नसतो, धुक्यात वेग अगदी कमी ठेवा. गाडी इतकी बुटकी असते की ट्रकवाल्याला आरशात दिसत नाही. ओव्हरटेक करण्याआधी हॉर्न, आणि तो हात दाखवेपर्यंत थांबायची तयारी.

सप्तशृंगी गडाचा नांदुरीकडून चढणारा घाट सुंदर आहे, पण नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत खासगी गाड्या वर सोडत नाहीत. एरवीही पहाटेच जा. कसारा घाट मी या गाडीने टाळते. कंटेनरच्या मध्ये सापडलेल्या बुटक्या गाडीला तिथे कसलाच आनंद नाही. गावांतले स्पीडब्रेकर मात्र कुठेच टळत नाहीत. ते तिरके घ्या, एकेक चाक करून, नाहीतर सायलेन्सर घासतो.

परतताना मिसळ. मखमलाबादच्या बाजूला साडेआठ-नऊला पोचलात तर जागा मिळते, दहानंतर रांग. गाडी सावलीत आणि नजरेसमोर लावा. लोक जमतात, आणि जमू द्यावेत. एखाद्या मुलाला आत बसायचं असेल तर बसवा, फक्त बोनेट तापलेलं असतं तिथे हात लागू देऊ नका. उन्हात गरम गाडी उभी राहिली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं आणि अर्ध्या तासाने सुरू होताना त्रास देते. निघण्याआधी बोनेट पाच मिनिटं उघडं ठेवलं, तर पहिल्या झटक्यात लागते.

घरी आल्यावर चारही चाकांच्या हबजवळ हात न टेकवता न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग बोलतंय. किती किलोमीटर, किती पेट्रोल, कुठला नवा आवाज, हे वहीत लिहा. एमजीबीच्या किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) दर पाच हजार किलोमीटरला ग्रीस लागतं आणि नव्या गॅरेजमध्ये हे कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळे वही हीच तुमची सर्व्हिस सेंटर.

पावसाळ्यात टप उघडता येत नाही, फ्लोअरला गंज चढतो, आणि इगतपुरीच्या बाजूला तर पाणी समोरून नाही, खालून येतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकी गळ्यापर्यंत भरा, कारण इथेनॉल रिकाम्या जागेतल्या हवेतून ओलावा ओढतं. बॅटरी काढून घरात ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये, चाकांना लाकडी ठोकळे. उघडीप मिळाली की बॅटरी जोडा आणि गंगापूर धरणापर्यंत एक फेरी मारून आणा. गणपती गेले की ब्रेक ऑइल पूर्ण बदला, पावसाळाभर त्याने पाणी शोषलेलं असतं.