जुन्या कॅरव्हानला बाहेरून नवं रूप देताना या चुका टाळा

जुनी कॅरव्हान, म्हणजे गाडीमागं ओढायचा प्रवासी ट्रेलर, घरी आणली, की दारात जमलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: रंग कोणता देणार? मालकही त्याच विचारात असतो, आणि काम तिथंच चुकीच्या टोकानं सुरू होतं. या गाड्यांची जुनी बांधणी बहुतेक वेळा लाकडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा अशी असते. पत्रा वर्षानुवर्षं टिकतो, सांध्यातून आत गेलेलं पाणी सांगाडा कुजवतं. रंगाचा डबा अगदी शेवटी उघडायचा असतो.

आपल्या मराठवाड्यात तर ही चूक हमखास होते. कामाला सोयीचे महिने फेब्रुवारी ते मे, आणि नेमक्या त्याच महिन्यांत गळती लपून बसते. सगळं ठणठणीत कोरडं. ‘आपल्याकडं पाऊस पडतो तरी किती!’ असं म्हणत सांधे तसेच ठेवून रंग मारला जातो. पाऊस कमी असला तरी जेव्हा येतो तेव्हा झोडपून काढतो. एखादा वळीव, नाहीतर मृगाच्या दोन सरी, आणि आतल्या प्लायवर तपकिरी डाग उमटतात. मग नवा रंग खरवडून सांधे उघडायचे.

म्हणून आधी पाणी मारून बघा. तेही खालून वर. एकानं बाहेरून साध्या पाइपनं खालच्या सांध्यापासून सुरुवात करायची, दुसऱ्यानं टॉर्च घेऊन आत बसायचं. एका सांध्यावर काही मिनिटं धार धरली की मगच वरच्या सांध्याकडं जायचं. पहिल्यांदाच छतावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून आत आलं ते कळत नाही. आतला डाग जिथं दिसतो तिथंच भोक असेल असंही समजू नका. छताच्या कोपऱ्यातून शिरलेलं पाणी लाकडाच्या कडेनं उतरत थेट जमिनीजवळ डाग पाडतं. डागाच्या आसपासच्या पट्ट्या स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून पाहा. टोक सहज घुसलं तर लाकूड गेलं. वाळवीही बघून घ्या.

वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशर गन मारायचा मोह मात्र आवरा. ती धार चांगल्या सांध्यातूनही पाणी आत ढकलते.

आता सीलंट. सगळ्यात जास्त पैसा इथं वाया जातो. हार्डवेअरच्या दुकानात सीलंट मागितलं की बहुधा सिलिकॉनची नळी हातात पडते. सिलिकॉनवर रंग धरत नाही, त्याच्यावर पुढं दुसरं सीलंटही चिकटत नाही. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते सिलिकॉन तर सुकताना धातूला खातं. एमसील घट्ट बसतं, पण उन्हात ताणणाऱ्या आणि रात्री आक्रसणाऱ्या पत्र्याबरोबर ते हलत नाही, तडकतं. डांबराच्या पट्ट्या त्याहून वाईट. मे महिन्यात त्या मऊ होऊन ओघळतात आणि नंतर काढता काढता जीव जातो. खरा मार्ग कंटाळवाणा आहे: कडेची पट्टी किंवा खिडकीची चौकट पूर्ण काढायची, जुना मसाला प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचा, चौकटीखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून ती परत कसायची, आणि बाहेरच्या कडेला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची बारीक रेघ ओढायची. वरून थापून काही होत नाही. उलट खिडकीच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, तीही उत्साहात बुजवली जातात, आणि पाणी चौकटीतच तुंबतं.

पट्टी परत बसवताना डब्यात पडलेले लोखंडी स्क्रू वापरू नका. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये ओल आली की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. स्टेनलेसचे स्क्रू सीलंटमध्ये बुडवून लावा. रिबिट असेल तर अ‍ॅल्युमिनियमचीच.

साफसफाईत दोन गोष्टी सांभाळा. धुण्याचा सोडा, कॉस्टिक किंवा फरशीचं अ‍ॅसिड पत्र्यावर नको, पत्रा काळवंडतो. तारेचा लोखंडी ब्रशही नको. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पुढं तिथंच गंजाचे ठिपके येतात. बोअरचं पाणी जड असेल तर धुतल्यावर लगेच कपड्यानं टिपा, नाहीतर क्षारांचे पांढरे थर राहतात. अमेरिकेतल्या 1936 सालच्या एअरस्ट्रीम क्लिपरचे चकाकते फोटो पाहून पत्रा आरशासारखा करायची हौस अनेकांना येते. तिथल्या जुन्या गाड्यांच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो, चमक त्याची असते. सँडर लावून तो थर घासून टाकला की परत येत नाही. आणि मराठवाड्याच्या उन्हात चकाकती गाडी अंगणात उभी करणार असाल तर शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवा!

रंगाची पहिली चूक म्हणजे लाल रेड ऑक्साइड. तो लोखंडाचा प्रायमर. अ‍ॅल्युमिनियमला आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला किंचित खाऊन घट्ट धरणारा प्रायमर, लागतो, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटतात. दुसरी चूक, दुपारी फवारणी. एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, उन्हातला पत्रा तर हात लावू देत नाही. थिनर पत्र्यावर पोचायच्या आधीच उडतं आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. भल्या पहाटे, वारा सुटायच्या आत काम उरका आणि पेंटच्या दुकानात सावकाश उडणारं थिनर मागा. पावसाळी दमट हवेत वेगळीच अडचण, काही रंगांवर पांढुरकी झाक येते. हार्डनरवाला पीयू रंग फवारताना तोंडाला नुसता रुमाल किंवा गमछा पुरत नाही. त्यातला आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतो. योग्य मास्क नसेल तर ते काम गॅरेजवाल्याकडूनच करून घ्या. पोचे पुट्टीनं भरायचे असतील तर थर पातळ ठेवा, जाड पुट्टी तडकते.

गाडी कुठं उभी करता, यावर वरची सगळी मेहनत टिकणार की नाही ते ठरतं. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर जॅक लावून ट्रेलर ठेवला तर एक कोपरा खचतो, चासी पिळवटते, दार बसेनासं होतं आणि नुकतेच सील केलेले सांधे उघडतात. मुरूम टाकून, धुम्मस करून, वर फरशा ठेवा आणि त्यावर स्टँड लावा. सांध्यांचं काम गाडी समतल केल्यावरच करायचं. झाकायला प्लास्टिकची ताडपत्री घट्ट आवळू नका. आत घाम धरतो आणि वाऱ्यानं फडफडून रंग घासला जातो. वर पत्र्याची शेड आणि बाजूला नर्सरीवाले लावतात ती हिरवी शेडनेट पुरते.

रंग मूळचा बदलला असेल तर आरटीओत जाऊन आरसीवर तशी नोंद करून घ्या. ट्रेलरलाही नोंदणी असते, आणि रस्त्यावर अडवल्यावर कागदावर एक रंग नि गाडीला दुसरा असला की घोळ होतो.