ऑस्टिओपॅथकडे जायच्या आधी त्याचं शिक्षण कसं तपासायचं (पुणेकरांसाठी)

सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज टू-व्हीलर चालवून कंबर धरली की माणूस रील्स बघायला लागतो, आणि तिथे कोणीतरी कुणाची तरी मान कडाकडा मोडत असतं. मग कोथरूडला नाहीतर वाकडला तसाच कोणीतरी ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाताने दाबून-ताणून सांधे-स्नायूंवर ट्रीटमेंट देणारा, शोधायचा. शोधा की, पण आधी थोडी चौकशी करा.

पाटीवर नुसतं 'डीओ' (ऑस्टिओपॅथ नावापुढे लावतात ती अक्षरं) बघून भुलू नका. अमेरिकेतला डीओ हा पूर्ण डॉक्टर, चार वर्षं मेडिकल स्कूल, वर रेसिडेन्सी, औषधं लिहितो, ऑपरेशन पण करतो. कॅनडा-युरोपातला डीओ बऱ्याचदा डिप्लोमावाला, फक्त हाताने ट्रीटमेंट देणारा. आणि आपल्याकडे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या पाटीवरही डीओ असतं, त्याचा कंबरेशी काही संबंध नाही 😄 त्यामुळे सरळ विचारायचं, कुठल्या देशातलं, कुठल्या कॉलेजचं, किती वर्षांचं.

आता मुख्य मुद्दा. ब्रिटनमध्ये १९९३ चा कायदा आहे, जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव नसताना स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवलं तर तो गुन्हा, आणि ते रजिस्टर कुणालाही ऑनलाइन बघता येतं. भारतात ऑस्टिओपॅथीची अशी वेगळी कौन्सिलच नाही, म्हणून आपण मूळ डिग्री बघायची. फिजिओथेरपिस्ट असेल तर बीपीटी (फिजिओथेरपीची डिग्री) आणि महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर, एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा. नंबर मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडून चप्पल घालून सरळ बाहेर पडा.

मूळ डिग्री पटली की मग ऑस्टिओपॅथीचं सर्टिफिकेट, आणि त्यावर तास किती लिहिलेत ते बघा. डब्ल्यूएचओने २०१० मध्ये निकष काढलेत, आधीची हेल्थकेअरची डिग्री नसलेल्यांसाठी ४२०० तास, त्यातले किमान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटवर. शनिवार-रविवारचा कोर्स म्हणजे फार तर १६ तास, म्हणजे ४२०० भरायला असे अडीचशेच्या वर वीकेंड लागतील! हां, ज्यांची डिग्री आधीच आहे त्यांना कमी तासांत करायची सोय त्यात आहे, आणि वीकेंड कोर्स केलेला फिजिओ वाईटच असतो असं मुळीच नाही, पण मग त्याने पाटीवर फिजिओथेरपिस्ट लिहावं ना. पूर्ण ऑनलाइन सर्टिफिकेट असेल तर विषय संपला, थिअरी ऑनलाइन चालते पण हाताचं काम आणि तपासणी समोरासमोरच शिकवायला हवी असं त्याच निकषांत आहे.

पहिल्या भेटीत तो काय विचारतो तेही बघा. जुने रिपोर्ट, पडझड, हाडं ठिसूळ आहेत का, रक्त पातळ करायच्या गोळ्या, यातलं काहीच न विचारता पाच मिनिटांत मानेला झटका द्यायला लागला तर नाही म्हणा, कारण त्या झटक्याने क्वचित का होईना मानेतली रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक येऊ शकतो. आणि कंबरदुखीबरोबर लघवीवरचा कंट्रोल गेला किंवा जांघेत, बसायच्या जागेवर बधिरपणा आला तर ऑस्टिओपॅथ वगैरे शोधत बसू नका, तडक हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा.

दहा सेशनचं पॅकेज पहिल्याच दिवशी भरू नका, एकेकाचे पैसे द्या आणि पावतीवर नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर दोन्ही लिहून घ्या.