याले देवी आल्या का? रणगाड्याच्या मॉडेलवर पोत चढवताना या चुका टाळा

माझा पहिला १:३५ चा (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा) टी-५५, म्हणजे सोव्हिएत रणगाड्याचं मॉडेल, मी आठवडाभर खपून तयार केला होता. टरेट (वरचा फिरता, तोफेचा भाग), हल (खालचं धड), फेंडर (ट्रॅकवरचे पत्रे), मागची इंधनाची पिंपं, जिथे ब्रश पोचला तिथे पुट्टी थापटून खडबडीतपणा आणला होता. शेजारचे काका नोकरीची बरीच वर्षं रणगाड्याचे ड्रायव्हर होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मॉडेल डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "का रे बाबू, याले देवी आल्या का?"

मी वरमलो. मग त्यांनीच सांगितलं, "घरी बिडाचा तवा असंन, लोखंडी बी असंन. दोन्हीवर हात फिरवून पाह्य."

पोताबद्दल मला यापेक्षा चांगला धडा कुणी दिलेला नाही. बिडाचा तवा वाळूच्या साच्यात ओतलेला असतो, म्हणून त्याच्या पाठीवर बारीक उंचसखलपणा हाताला लागतो. लोखंडी तवा लाटलेल्या पत्र्याचा, म्हणून गुळगुळीत. रणगाड्यातही हे दोन्ही प्रकार असतात, आणि बहुतेक वेळा एकाच रणगाड्यात असतात.

कुठला भाग ओतीव, हे न बघता ब्रश उचलणं

टी-५५ चं टरेट ओतीव पोलादाचं, घुमटासारखं. पण त्याच्या छताला लाटीव पोलादाच्या दोन प्लेटा वेल्ड केलेल्या असतात, आणि हल तर सगळाच लाटीव प्लेटांचा. म्हणजे खडबडीत पोत घुमटाच्या बाजूंवर, छत बऱ्यापैकी सपाट आणि दोघांच्या मध्ये वेल्डची रेघ. सेंच्युरियनचंही तसंच: टरेटचा मोठा भाग ओतीव, छत वेल्ड केलेलं, हल प्लेटांचा. आपल्याकडे चेन्नईजवळच्या आवडी गावात बनलेला विजयंता मात्र टरेटसकट लाटीव प्लेटांचा आहे. त्याच्या टरेटवर पुट्टी थापटली की संपलंच. १९६५ च्या युद्धातला पॅटन एम-४८ याच्या उलट, त्याचा हलसुद्धा ओतीव. शेर्मनमध्ये तर नाव नीट वाचावं लागतं. एम-४-ए-१ चा हल ओतीव आणि गोलसर, एम-४-ए-३ चा वेल्ड केलेला आणि कोनदार, आणि टरेट दोघांचंही ओतीव.

फोटो बघावेतच, पण शक्य असेल तर एकदा अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन या. नागपूरहून रात्रीचा प्रवास आहे, तरी जा. टरेटच्या वळणावर प्रकाश तिरपा पडतो तेव्हा पोत कसा दिसतो, हे फोटोत कधीच नीट कळत नाही.

लाटीव प्लेट म्हणजे काहीच करायचं नाही, असंही नाही. जाड प्लेट गॅसने कापतात तेव्हा तिच्या कडेवर जाडीच्या दिशेने बारीक उभ्या रेघा उमटतात. पँथर, टायगरच्या जिथे प्लेटा एकमेकींत अडकवलेल्या असतात, तिथे त्या उघड दिसतात. बारीक दातांच्या करवतीचं पातं कडेवर हलक्या हाताने ओढलं की काम होतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण बरेच जण ते करत नाहीत.

स्केलचा हिशेब न करणं

१:३५ मध्ये मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे ३५ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा म्हणजे साडेसतरा मिलिमीटरचा खड्डा, तो ओतकामाचा नव्हे, गोळ्याचा! खऱ्या टरेटवरचा चढउतार एक-दोन मिलिमीटरचा असेल, तर मॉडेलवर तो ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर होतो. म्हणजे जवळपास रंगाच्या थराएवढा.

इथेच खरी गोम आहे. हिशेबाने अगदी बरोबर पोत केला तर प्रायमर, रंग आणि व्हार्निशखाली तो बुडतो. म्हणून थोडी अतिशयोक्ती करावीच लागते. किती, ते प्रायमरचा पहिला पातळ हात दिल्यावरच ठरवा. उघड्या प्लास्टिकवर, त्यात पांढऱ्या पुट्टीचे डाग असताना, डोळा हमखास फसवतो. टेबलावरचा दिवा खाली आणा, मॉडेल हातभर लांब धरा. प्रकाश तिरपा असताना पोत दिसला आणि समोरून आला की जवळजवळ नाहीसा झाला, तर जमलं. १:७२ वर काम करत असाल तर नुसता प्रायमर ब्रशने टिपला तरी बहुधा पुरतो.

आमच्याकडच्या काही हौशी लोकांनी रांगोळी चाळून वापरलेली मी बघितली आहे. चाळलेल्या रांगोळीचा कण ०.३ मिलिमीटरचा धरला तरी खऱ्या रणगाड्यावर तो दहा मिलिमीटरची खडी होते. अब्राम्ससारख्या नव्या रणगाड्यांवर पाय घसरू नये म्हणून खरखरीत लेप असतो, त्यासाठीसुद्धा रांगोळी जाडच पडते. तिथे टाल्कम पावडर ओल्या प्रायमरवर भुरभुरा. आणि तो लेप माणूस चालतो त्या जागीच असतो. पेरिस्कोपच्या काचा, झाकणांच्या बिजागऱ्या, दिवे यांना आधी मास्किंग टेप लावा.

मे महिन्यात दुपारी काम करणं

ओतीव पोतासाठी माझी पद्धत साधी आहे. मिस्टर सरफेसर ५०० (मॉडेलसाठीचा दाट प्रायमर) ब्रशने लावायचा, तो चिकटसर झाला की पोरांच्या चित्रकलेच्या डब्यातल्या, केस आखूड कापलेल्या जाड ब्रशने उभं टिपत जायचं. मध्येच ब्रशाला तामियाचा पातळ सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा द्रव) किंचित लावायचा. पण नागपुरात नवतपा तापतोय, पारा ४५ च्या आसपास आहे, अशा दुपारी ब्रश टेकेपर्यंत सरफेसर सुकलेला असतो. मग टोकं उभी राहतात, धागे ओढले जातात आणि टरेट उसाच्या चोथ्यासारखं दिसतं.

म्हणून सकाळी सहा ते आठ. टरेटचे चार भाग मनाशी पाडा आणि एका वेळी एकच भाग घ्या. जोड दिसेल अशी भीती नको. टिपण्याच्या कडा एकमेकांत मिसळतात.

टोकं आलीच असतील तर पूर्ण सुकू द्या. मग ८०० चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून, बोटाने गोल गोल, जवळजवळ दाब न देता फिरवा. फक्त शेंडे उडतात, खळगे राहतात. सिमेंट जास्त होऊन प्लास्टिक मऊ पडलं असेल तर मात्र हात लावू नका. दोन दिवस तसंच ठेवा. घाईने घासलं की मऊ प्लास्टिकची लोळी निघते आणि खड्डा मोठा होतो. कडक झाल्यावर फेविक्विक आणि टाल्कम पावडर कालवून खड्डा भरा आणि लगेच घासा. उद्यावर टाकलं तर ते मिश्रण दगड होतं.

उन्हाळ्यातली दुसरी फसवणूक एअरब्रशची. कोरड्या हवेत ॲक्रिलिक रंग वाटेतच सुकतो आणि पृष्ठभागावर पावडर होऊन बसतो. हात फिरवला तर खरखर लागते, आणि माणसाला वाटतं की पोत छान आलाय. तो पोत नाही, कोरडा रंग आहे. वॉश (खळग्यांत उतरवायचा पातळ गडद रंग) लावला की कोरडा रंग तो शाईसारखा शोषून घेतो आणि डाग पडतात. रंग जास्त पातळ करा, रिटार्डरचे (रंग सावकाश सुकवणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब टाका, एअरब्रश जवळ आणा. पावडर आधीच बसली असेल तर जुन्या मऊ टूथब्रशने झाडून घ्या.

आणि कूलर. आपल्याकडे त्याच्याशिवाय खोलीत बसवत नाही, हे कबूल. पण त्याची ओली हवा लॅकरवर आली की रंगावर पांढुरकी धूसर छटा येते, शिवाय खसाच्या ताट्यांतली धूळ येऊन चिकटते ती वेगळीच. रंगवताना कूलर बंद आणि खिडकी उघडी, कारण लॅकरचा वास कोंडून ठेवायचा नसतो. घाम पुसायला पंचा जवळ ठेवा.

वेल्डच्या शेवया

टी-३४ चे वेल्ड ओबडधोबड होते, हे खरं. पण वीस मिलिमीटर रुंदीचा वेल्ड १:३५ मध्ये जेमतेम ०.५७ मिलिमीटर भरतो. प्लेटांच्या कोपऱ्यात जाडजूड दोरा चिकटवला की पृष्ठभागावर शेवई पडल्यासारखी वाटते. जोडावर आधी उथळ खाच करा. मेणबत्तीवर ताणलेला अर्ध्या मिलिमीटरचा स्प्रू (किटचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिची काडी) तिच्यात बसवा, वरून पातळ सिमेंट फिरवा, तीन-चार मिनिटं थांबा आणि बोथट पात्याने जवळ जवळ खुणा दाबा. खुणांमधलं अंतर किंचित कमीजास्त होऊ द्या.

एम-सीलने वेल्ड करायचा प्रयत्न मी केला आहे. तो मळेपर्यंत घट्ट होत आला, आणि कण जाड. गुंडाळलेल्या ताडपत्रीच्या आतला गाभा करायला तो ठीक आहे, वेल्डला नको.

झिमेरिट चुकीच्या रणगाड्यावर

चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मनांनी हा लेप १९४३ च्या उत्तरार्धापासून लावला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये बंद केला. त्यामुळे १९४५ च्या वसंतात कारखान्यातून निघालेल्या किंग टायगरवर झिमेरिट दाखवलं की जाणकार हसतात. लेपाची जाडी पाच मिलिमीटर धरली तरी मॉडेलवर ०.१४ मिलिमीटर. तेव्हा पुट्टी लिंपू नका, पसरून जवळजवळ सगळी ओढून काढा आणि मगच रेघा उठवा.

बदल करण्याचा मोह

किटचे फेंडर सहसा एक मिलिमीटर जाड असतात, म्हणजे खऱ्यात ३५ मिलिमीटरचा पत्रा! चेपलेला फेंडर दाखवायचा असेल तर आधी आतल्या बाजूने कड खरवडून पातळ करा, किंवा थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून नवाच बनवा. ओढायच्या केबलसाठी जळलेल्या मोटरीतली तांब्याची तार पीळ देऊन वापरा. मोटर वाइंडिंगवाले ती मूठभर अशीच देतात. टरेटवरचे ओतकामाचे आकडे स्प्रूच्या चौकटीवर उठवलेल्या नंबरांतून ब्लेडने तासून घेता येतात. हे मला फार उशिरा कळलं, आणि तोवर मी कितीतरी चौकटी भंगारात टाकल्या होत्या.

सामान लादताना मात्र टरेट फिरवून बघा. माझ्या दुसऱ्या टी-५५ वर मी लाकडाचा ओंडका, ताडपत्री, जादा ट्रॅकच्या कड्या, बादली असं बरंच काही रचलं होतं. पोत या वेळी बरा जमला होता आणि काकांनी घुमटावरून बोट फिरवून मानही डोलवली. मग त्यांची नजर पुढे, डाव्या बाजूच्या झाकणावर गेली. त्यावर ट्रॅकच्या चार कड्या पक्क्या चिकटवलेल्या.

"मंग ड्रायव्हर निघन कुठून?"

त्या कड्या आता पुढच्या तिरप्या प्लेटवर आहेत. झाकणावर सिमेंटचा डाग राहिला होता, तो चिखलाखाली गेला.