न शिजवता नाश्ता, आणि तरीही आवडीचा

कच्चा नाश्ता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कापलेली फळं येतात. फळं छानच, पण ज्याला सकाळी उठल्यावर ऊन लापशी किंवा कुरकुरीत ग्रॅनोला लागतो, त्याचं फळांवर भागत नाही. माझं तरी भागत नाही. म्हणून नेहमीच्या पदार्थात आपल्याला नेमकं काय आवडतं ते मी आधी ठरवते: मऊपणा, कुरकुर, की पोटात उतरणारी ऊब? तेवढंच कच्च्यात आणायचं. भाजल्यावर सुटणारा खमंगपणा कच्च्यात येत नाही, त्याच्या मागे लागूच नये.

कच्चा आहार पाळणारे साधारण ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर अन्न तापवत नाहीत. मी ४६ धरते.

सुरुवात लापशीपासून करा. चपटे ओट्स वाफवून दाबलेले असतात आणि अख्खे दाणेही बहुतेक वेळा गिरणीतच तापवलेले असतात, म्हणून मी बकव्हीट, म्हणजे कुट्टू घेते. दाणा फिकट, जरा हिरवट हवा. तपकिरी असेल आणि खमंग वास येत असेल तर तो भाजलेला आहे. भिजायला तासभर पुरतो. पाणी ओतून दिलंत की दाण्यांना बुळबुळीत, तार सुटणारा चिकटा लागलेला दिसेल. चाळणीत घालून वाहत्या पाण्याखाली हाताने फिरवत धुवा, दाणे बोटांना सुटे लागेपर्यंत. इथे घाई केली की लापशी गिळगिळीत होते, मग कितीही खजूर घाला, ती सुधारत नाही.

असे वाटीभर दाणे, अर्धं पिकलेलं केळ, बिया काढलेले दोन खजूर, चिमूटभर मीठ आणि अर्धी वाटी बदामाचं दूध मिक्सरमधून काढा. अगदी गंध करू नका, थोडं रवाळ राहू द्या. दाताखाली काही आलं नाही तर लापशी खाल्ल्यासारखं वाटत नाही.

आता ऊब. आपलं शरीर ३७ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे ४५ अंशांचं अन्न जिभेला छान ऊन लागतं. वाडग्यात उकळतं पाणी भरून दोन मिनिटं ठेवा, ओतून द्या, वाडगा पुसा आणि त्यात लापशी घाला. तरी गार वाटली तर वाडगा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ढवळत राहा. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ बोट बुडवून बघा, ते सुखाने ठेवता आलं पाहिजे.

ग्रॅनोलालाही हेच धुतलेले दाणे. त्यात जाडसर कुटलेले बदाम आणि खजुराची चटणीसारखी पेस्ट कालवून डिहायड्रेटरच्या, म्हणजे मंद उष्णतेवर अन्न वाळवणाऱ्या यंत्राच्या, ट्रेवर अगदी पातळ पसरायचं. थर जाड झाला तर वरून वाळतो आणि आत आंबतो. ४६ अंशांवर रात्रभर तरी लागतं, कधी त्याहून जास्त. गरम असताना तो मऊच लागतो, म्हणून थोडा गार करून चावून बघा आणि मगच यंत्र बंद करा.

पॅनकेकसाठी दोन पिकलेली केळी, अर्धी वाटी जवसाची पूड आणि अर्धी वाटी पाणी. जवस दळलेलेच हवेत, अख्खे धरून ठेवत नाहीत. दहा मिनिटांत मिश्रण दाटतं. अर्धा सेंटिमीटर जाडीचे गोल पसरून पाच-सहा तास वाळवा, उलटा, आणखी दोन-तीन तास ठेवा. वाकवल्यावर मोडता कामा नयेत.

तिखटमिठाचं हवं असेल तर सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया चार तास भिजवून, निथळून भरड वाटा. रंगापुरती हळद, लिंबू, बारीक चिरलेली ढोबळी मिरची आणि काळं मीठ घाला. काळ्या मिठातल्या गंधकामुळे अंड्याच्या भुर्जीचा वास येतो. बरेच जण यात काजू वापरतात, पण काजूच्या टरफलात त्वचेला भाजणारं तेल असतं आणि ते फोडताना काजूला उष्णता दिली जाते, त्यामुळे कच्चे म्हणून विकलेले काजूही सहसा खरोखर कच्चे नसतात.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगते. राजमा कच्चा किंवा नुसते मोड आणून कधीही खाऊ नका, तो विषारी ठरतो. त्याला खळखळून उकळावंच लागतं. आणि मोड यायला लागणाऱ्या ओलाव्यात, उबेत जंतूही वाढतात. ते धुऊन पुरते जात नाहीत, ४६ अंशांना मरतही नाहीत. गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना कच्चे मोड देऊ नका.

बदामाचं दूध घरीच करा: मूठभर बदाम रात्रभर भिजवून, सोलून, अडीच वाट्या पाण्यात वाटायचे आणि फडक्यातून पिळून घ्यायचं. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं. ठेवल्यावर पाणी वेगळं होतं, तेव्हा हलवून घ्या. फडक्यात उरलेला चोथा ग्रॅनोलात जातो.