गुळाचा चहा फाटू नये, भाकरीतलं लोह वाया जाऊ नये

खानापूरच्या पावसात चहा सोडा म्हणून कुणी ऐकणार नाही, आणि सोडायची गरजही नाही. वेळ आणि प्रमाण तेवढं सांभाळा.

दोन कपांसाठी दीड कप पाण्यात ठेचलेलं आलं टाका. उकळी फुटली की दोन सपाट चमचे चहापूड घालून मंद आचेवर २-३ मिनिटं ठेवा. फार उकळलं की चहा तुरट होतो, मग साखर जास्त घालावी लागते. गूळ घालायचा तर कोऱ्या चहातच विरघळवा, गॅस बंद करा आणि वेगळं तापवलेलं अर्धा कप दूध ओता. परत उकळी आणलीत की दूध फाटू शकतं. गुळातल्या आम्लतेचा आणि क्षारांचा तो परिणाम.

गूळ घातला म्हणजे मधुमेह असलेल्यांना चालतो, हा मात्र भ्रम आहे. रक्तातली साखर गुळानेही वाढते.

चहातलं टॅनिन, म्हणजे त्याला तुरटपणा देणारा घटक, भाकरी-पालेभाजीतलं लोह नीट शोषू देत नाही. जेवणानंतर तासभर थांबा. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांनी तर नक्कीच. रिकाम्या पोटी जळजळत असेल तर आधी काहीतरी खा.

चहाने रंग काळा पडतो? मुळीच नाही. पाणी कमी होतं? रोजच्या दोन-तीन कपांनी नाही. झोप मात्र उडते, म्हणून शेवटचा कप संध्याकाळी पाचच्या आत. आणि वाफाळता चहा घशात ओतू नका, बशीत ओतून फुर्र करणारी आजी बरोबरच होती.