बनावट औषध विकत घेणे कसे टाळावे

चांगल्या प्रकारे नक्कल केलेले औषध नुसत्या नजरेने ओळखता येत नाही, म्हणून पाकीट निरखण्याआधी दुकान पारखावे. परवाना दर्शनी भागात लावलेला, औषधनिर्माता (फार्मासिस्ट) हजर आणि बिल न मागता मिळते, अशाच दुकानातून औषध घ्यावे. नेहमीच्या किमतीपेक्षा फारच स्वस्त मिळणाऱ्या औषधाबद्दल आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी.

औषध हातात आल्यावर खोक्यावरचा बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख आतल्या पट्टीवरील नोंदींशी ताडून पाहावी. दोन्हींत फरक असेल, छपाई पुसट असेल किंवा उत्पादकाच्या नावात एखादे अक्षर चुकलेले असेल, तर औषध तिथेच परत करावे. बिलावरही तोच बॅच क्रमांक आहे ना, हे पाहावे. औषध नेहमीचे असेल, तर जुनी पट्टी शेजारी ठेवून गोळीचा रंग, आकार आणि त्यावरील खूण जुळते का ते तपासावे. गोळी बोटांत सहज भुरभुरत असेल, तर ती घेऊ नये. पट्टी कापताना क्रमांक आणि तारीख छापलेले टोक शेवटपर्यंत राखावे. बहुतेकजण नेमके तेच आधी कापतात.

औषधाचा गुण येत नसेल किंवा अनपेक्षित त्रास झाला, तर डॉक्टरांना लगेच कळवावे आणि उरलेल्या गोळ्या, खोके व बिल फेकून न देता औषध नियंत्रण विभागाकडे तक्रारीसोबत द्यावे.