ट्यूब अँपला स्पीकर निवडताना: समुद्राकाठच्या घरांसाठी

ट्यूब अँप (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर) आधी घरी आणायचा आणि मग त्याला साजेसा स्पीकर शोधत फिरायचं, हा क्रम उलटा आहे. आधी खोली, मग स्पीकर, शेवटी अँप. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर यात आणखी एक गोष्ट येते: खारी, दमट हवा. कागदावर उत्तम जमणारी जोडी दोन पावसाळ्यांत बिघडू शकते.

वॅटचा हिशोब सोपा आहे. ३००बी ट्यूबच्या सिंगल-एंडेड (एकाच ट्यूबवर चालणाऱ्या) अँपमधून चॅनेलमागे, म्हणजे एका स्पीकरमागे, साधारण ८ वॅट मिळतात, २ए३ मधून साडेतीन. ईएल८४ च्या पुश-पुल (आळीपाळीने काम करणाऱ्या दोन ट्यूबच्या) जोडीतून १२ ते १५, ईएल३४ च्या जोडीतून ३५ च्या आसपास. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ९० डेसिबल असेल तर १ वॅटला १ मीटरवर ९० डेसिबल आवाज मिळतो. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, म्हणून ८ वॅटला ९९. खुर्ची ३ मीटरवर असेल तर बंद खोलीत सुमारे ६ वजा करा, स्पीकर दोन म्हणून ३ मिळवा: ९६. निवांत ऐकताना सरासरी पातळी ७५ ते ८० असते, पण पखवाजाची थाप तिच्यावर १५-२० डेसिबल उसळते. म्हणजे ९६ हे जेमतेम पुरणारं गणित. हाच स्पीकर ८६ डेसिबलचा असता तर ९२ वरच अँपची ताकद संपली असती आणि थाप चपटी झाली असती. कौलारू घरात वर माळा नसेल तर आवाज कौलांवाटे निघून जातो. तिथे ६ ऐवजी ८ धरा.

कंपनीचे आकडे वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. सेन्सिटिव्हिटी बहुधा २.८३ व्होल्टला मोजलेली असते. ८ ओहमच्या स्पीकरला ते १ वॅट होतात, ४ ओहमच्या स्पीकरला २ वॅट. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरवर ९० छापलेलं असेल तर ८७ समजा. दुसरं म्हणजे काही कंपन्या, विशेषतः हॉर्नवाल्या (भोंग्याच्या आकाराचे स्पीकर बनवणाऱ्या), खोलीच्या भिंतींची मदत धरून आकडा देतात. अशा वेळी ३ डेसिबल कमी धरलेले बरे.

आता मुख्य गोष्ट, इंपिडन्स, म्हणजे एसी करंटला होणारा विरोध. स्पीकरवर लिहिलेले ८ ओहम हा फक्त नावाचा आकडा. प्रत्यक्षात तो सुराच्या उंचीप्रमाणे बदलतो: कुठे ४ वर उतरतो, कुठे ३० वर चढतो. ट्रान्झिस्टर अँपचा आउटपुट इंपिडन्स ओहमच्या छोट्या अंशाइतका असल्याने त्याला याचं काही वाटत नाही. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा करून परत इनपुटला देणं) नसलेल्या ट्यूब अँपचा मात्र दोन-तीन ओहम असतो. तो २.७ धरला, तर ज्या स्वरांना स्पीकर ४ ओहम आहे ते ३० ओहमवाल्या स्वरांपेक्षा सुमारे पावणेचार डेसिबलने दबतात. टू-वे (खालच्या आणि वरच्या सुरांना वेगळे ड्रायव्हर असलेल्या) स्पीकरमध्ये हा चढ बहुधा क्रॉसओव्हरच्या जागी, म्हणजे सूर एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे जातात तिथे, २ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. मग हार्मोनियम टोचायला लागते आणि दोष विनाकारण ट्यूबला लागतो.

म्हणून इंपिडन्सचा आलेख पाहिल्याशिवाय महागडा स्पीकर घेऊ नका. किमान ६ ओहम, आणि कमाल त्याच्या तिपटीच्या आत असेल तर निश्चिंत राहा. आलेख मिळत नसेल तर घरी मोजता येतो. साधा ट्रान्झिस्टर अँप, टोन वाजवणारं मोबाइल अॅप, १ किलोओहम १ वॅटचा एक रेझिस्टर, १० ओहम १ टक्क्याचा एक रेझिस्टर आणि ट्रू आरएमएस मल्टिमीटर एवढं लागतं. अँपच्या आउटपुटला १ किलोओहम सिरीजमध्ये लावा, त्यापुढे स्पीकर. आउटपुट ५ ते १० व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांवरचा एसी व्होल्टेज टिपा. मग स्पीकर काढून त्याच जागी १० ओहम लावा आणि आवाजाची कळ न हलवता पुन्हा टिपा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून १० ने गुणलं की त्या फ्रिक्वेन्सीचा इंपिडन्स मिळतो. २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत पंधरा-वीस ठिकाणी हे करा. दोन्ही वाचनं प्रत्येक फ्रिक्वेन्सीला घ्या, कारण स्वस्त मीटर वरच्या पट्टीत चुकतो; अशी तुलना केली की ती चूक कटते.

अँपचा आउटपुट इंपिडन्सही मोजा. ट्यूब अँप कधीही भाराशिवाय, म्हणजे स्पीकर किंवा रेझिस्टर न जोडता, वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळून इन्सुलेशन फुटतं. म्हणून ८ आणि १६ ओहमचे १० वॅटचे रेझिस्टर आणा. अँपच्या ८ ओहमच्या टॅपला (स्पीकर जोडायच्या टोकाला) आधी ८ चा लावून १ किलोहर्ट्झवर ४ व्होल्ट आणा. अँप बंद करा, आवाजाची कळ तशीच ठेवून १६ चा लावा, पुन्हा चालू करा. समजा आता ४.५७ व्होल्ट आले. व्होल्टेजमधला फरक ०.५७, करंटमधला फरक ०.५० वजा ०.२९ म्हणजे ०.२१ अँपिअर. भागाकार सुमारे २.७ ओहम.

हा आकडा दीडच्या वर असेल आणि स्पीकरचा आलेख डोंगरदऱ्यांचा असेल, तर ८ ओहमचा स्पीकर ४ च्या टॅपला लावून ऐका. वॅट कमी होतात, पण डॅम्पिंग, म्हणजे अँपची स्पीकरवरची पकड, सुधारतं आणि बेस सुटसुटीत होतो. कोणता टॅप योग्य हे शेवटी कानानेच ठरवायचं. तरीही भागलं नाही तर जाणकाराकडून आर-एल-सी (रेझिस्टर, कॉइल आणि कपॅसिटरचं) जाळं बसवून इंपिडन्स सपाट करून घेता येतो.

केवळ सेन्सिटिव्हिटी पाहू नये याचं सुंदर उदाहरण म्हणजे बीबीसीने आखलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर. जेमतेम ८३ डेसिबलचा, पण मूळ आवृत्ती १५ ओहमची आणि चालवायला सोपी. लहान खोलीत दोन मीटरवर बसून ख्याल किंवा नाट्यगीत ऐकायचं असेल, तर ईएल८४ च्या पुश-पुलवर तो गळा जसाच्या तसा समोर आणतो. पखवाज-झांजांसह भजन भरघोस ऐकायचं असेल तर तो पुरणार नाही. तिथे क्लिप्शचा हेरेसी किंवा कॉर्नवॉलसारखा हॉर्न, टॅनॉयचे मोठे ड्युअल कॉन्सेंट्रिक (एकाच मध्यावर दोन ड्रायव्हर असलेले), किंवा डेव्होरच्या ओरँगउटान ओ/९६ सारखा ९६ डेसिबल, १० ओहमचा स्पीकर घ्या. मॅग्नेपॅनसारखे पातळ पडद्याचे स्पीकर कमी वॅटवर झोपतात. क्वाडचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक (विद्युतभारित पडद्याचा) स्पीकर ट्यूबवर अप्रतिम वाजतो, पण दमट हवेत धुळीवाटे त्याचा चार्ज गळतो आणि चटचट सुरू होते. किनाऱ्यावर त्याचा मोह टाळावा.

खाऱ्या हवेसाठी आधी स्पीकरच्या कोनाची, म्हणजे आवाज काढणाऱ्या शंकूसारख्या पडद्याची, कड पाहा. पॉलियुरेथेन फोमची कड दमटपणात विरते आणि बोट लावलं की भुगा पडतो. रबराची किंवा लेप दिलेल्या कापडाची कड घ्या. पत्र्याच्या फ्रेमपेक्षा ओतीव अॅल्युमिनिअमची फ्रेम बरी. एमडीएफच्या खोक्याचे कापलेले, उघडे काठ फुगतात. मागची बाजू आणि तळ सील केलेला आहे का ते बघा. बर्च प्लायचं खोकं सर्वांत टिकाऊ. जुना स्पीकर घेताना कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान दाबा: खरखर आली तर चुंबकाच्या गॅपमध्ये गंज असू शकतो.

चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती आणि वर स्लॅब असेल तर बेस घुमतो. तिथे बंद खोक्याचा स्पीकर मागच्या छिद्रवाल्यापेक्षा सांभाळायला सोपा. गालिचा पावसाळ्यात बुरशी धरतो, त्यापेक्षा भिंतीवर गोधडी टांगा. स्टँडमध्ये समुद्राची वाळू भरू नका, मिठाने नळी आतून गंजते. नदीची धुतलेली, भाजून कोरडी केलेली वाळू भरा. शेणाच्या जमिनीवर खोकं थेट ठेवलं तर वाळवी लागते. खाली कडप्पा ठेवा, भिंतीपासून किमान अर्धा मीटर जागा सोडा.

घर शिमग्यानंतर किंवा मे महिन्यानंतर गणपतीपर्यंत बंद राहणार असेल तर स्पीकर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत बुरशी वाढते. सुती चादर घाला आणि वायरी काढून ठेवा. परत आल्यावर दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवा. तांब्याच्या टोकांवर कळंक चढला असेल तर तेवढा तुकडा कापून नवी तार सोला, टर्मिनल आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, आधी स्पीकर जोडा, मग अँप चालू करा आणि पहिला अर्धा तास हलक्या आवाजात वाजवा.